नावावरचा गालिचा

गालिचा लाल होता. मंडपवाल्याची दोन माणसे तो दारापासून उलगडत आली आणि रांगोळीतल्या चेहऱ्याखाली लिहिलेल्या माझ्या मुलीच्या नावापाशी थांबली. त्यांनी रणधीररावांकडे पाहिले. रणधीररावांनी बोटाने सरळ रेघ दाखवली. गालिचा पुढे गेला. नाव त्याच्याखाली गेले.

त्याआधी जे बोलणे झाले ते मी जसेच्या तसे लिहितो. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे त्यात माझ्याकडून भर पडणार नाही.

"हे काय?" रणधीररावांनी विचारले.

"नाव," उत्पला म्हणाली. उत्पला माझी मुलगी.

"कोणाचं?"

"माझं. काढणाऱ्याचं असतं सर, खालच्या कोपऱ्यात."

त्यांनी वाकून वाचले. सावकाश वाचले. मग सरळ झाले.

"उत्पला छान आहे. तेवढं राहू द्या. आडनाव काढा."

"का सर?"

"बाहेरची माणसं येणार आहेत. कोणी वाचणार, मग विचारत बसणार. आज लोकांचं लक्ष आबासाहेबांकडं हवं ना?"

"आडनावासकट माझं नाव हाय, सर."

पाच वर्षे पुण्यात राहून तिची भाषा बदलली आहे. परंतु मनाला काही लागले की 'आहे'चे 'हाय' होते. रणधीरराव हसले. रागावले नाहीत. आवाज चढवला नाही. मंडपवाल्याला त्यांनी बोटाने खूण केली आणि वर लिहिल्याप्रमाणे गालिचा पुढे सरकला.

मी म्हणालो, "साहेब, नाव झाकलं."

"पुसलं तर नाही ना, तात्या? झाकलं फक्त. कार्यक्रम झाला की गुंडाळतील."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पुढे गेले. माझ्या वडिलांना गावच्या रस्त्यावर शिव्या मिळाल्या. त्यांना निदान कळत होते की आपल्याला शिवी मिळाली. मला मिळाला खांद्यावर हात. त्याला कोणत्या कलमाखाली हरकत घ्यावी, हे मला इतका कायदा तोंडपाठ असूनही सुचले नाही.

आमचे आडनाव कोणते, हे मी या पानावर लिहिणार नाही. ऐकताक्षणी मनातल्या मनात जात मोजण्याची सवय वाचणाऱ्यालाही असते, आणि ते मोजमाप मला येथे होऊ द्यायचे नाही. जमिनीवर मात्र ते पूर्ण लिहिलेले होते. पांढऱ्या रांगोळीत, स्वच्छ, कानामात्रेसह.

मी इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. लोक मला तात्या म्हणतात, काही रायटर म्हणतात. शिक्षण नववीपर्यंत झाले. पण वारसनोंद असो, रस्त्याची हरकत असो, रेशनकार्ड असो वा पाण्याची पाळी, माझ्या हातचा मजकूर आत गेला की कारकून तो न वाचता ओळखतो, हे मी अहंकाराने सांगत नाही. वस्तुस्थिती आहे. वकील लोकसुद्धा कधीकधी माझ्याकडून वाक्ये नेतात. या तालुक्यातील निम्म्या लोकांची दुःखे माझ्या अक्षरात सरकारदरबारी पडून आहेत.

एवढ्या एका टेबलावर मी उत्पलाला शिकवले. तिला लहानपणापासून चित्रकलेचे वेड. माझ्या रद्द झालेल्या कागदांच्या मागे ती माणसे काढायची, माझ्याकडे येणारीच माणसे. टोपी, काठी, बसण्याची ढब, सगळे बरोबर. पुण्याला चित्रकलेची पदवी घेतली. माझ्या घराण्यात पदवी घेणारी ती पहिली. पदवीचा कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. येणारा जाणारा विचारायचा, "तात्या, ह्येचं काय व्हतं पुढं?" मी म्हणायचो, "कलावंत." ते मान हलवायचे. कलावंत म्हणजे बँडवाला की तमाशातला, हे त्यांना विचारावेसे वाटे. विचारत नसत.

पुढे काय होते, ते मी नंतर पाहिले. तिच्याबरोबर शिकलेली जी मुले आपल्या भागात परत आली, त्यांतला सागर कारखान्यातून निवृत्त होणाऱ्यांची पेन्सिलने चित्रे काढतो. शालीबरोबर द्यायला. एकजण ट्रॉलीच्या फळीवर देव आणि वाघ रंगवतो. एक मुलगी भिगवणला पाण्याच्या कडेला लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढते, मागे रोहित पक्षी यावेत म्हणून पहाटेपासून चिखलात उभी राहते. आणि उत्पला रांगोळीतून चेहरे काढते. लग्न असो, वाढदिवस असो, पुण्यतिथी असो, आजकाल प्रवेशद्वाराशी माणसाचा चेहरा लागतो. गादीएवढा, कधी खोलीएवढा. लांबून पाहिले की फोटोच वाटतो. जवळ गेले की भुकटी.

हिची कला ही आहे, असे नव्हे. हिची कला कॅनव्हासवर आहे, घरात भिंतीला टेकवून ठेवलेली. आमच्या भागात चित्र विकत घेऊन भिंतीला लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भिंतीवर कॅलेंडर असते, देव असतो आणि नेता असतो. आमच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब होते, तेही छापील. तिने काढलेले बाबासाहेब लावायला तिच्या आईने आधी नकार दिला, कारण त्यात ते थकलेले दिसत होते. "आपल्याला थकलेलं न्हाय चालत," असे ती म्हणाली. पुढे लावले. आता मला तेच बरे वाटतात.

ज्या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात तो गालिचा आला, तिच्यात चित्रकला शिक्षकाची जागा निघणार होती. रणधीरराव संस्थेचे सचिव, संस्थापक आबासाहेब हे त्यांचे आजोबा. जागेविषयी त्यांनी स्वतःहून बोलावून सांगितले होते, "आपल्याच तालुक्यातली मुलगी, पदवी आहे, दुसरं कोण? पुण्यतिथीला आबासाहेबांचा एक चेहरा काढा. सगळे संचालक पाहतील." मला ते योग्य वाटले. मीच उत्पलाला म्हणालो, काढ. जागा मिळाली असती तर आठवड्याचे पाच दिवस शाळा आणि दोन दिवस तिचे कॅनव्हास. तिला एवढेच हवे होते. ती जास्त मागत नाही. मागण्याची कामे मी करतो.

आदल्या दिवशी सकाळी ती सभागृहात बसली. पंखे बंद. खिडक्या बंद. फरशीवर खडूने चौकटी आखल्या, एका हाताने चहाची गाळणी धरून दुसऱ्या हाताने ती टिचकी मारत जायची, तेव्हा भुकटी बसायची. आधी कपाळ आले. मग मिशी. डोळे सर्वांत शेवटी, दुसऱ्या दिवशी सकाळी. आबासाहेबांना मी पाहिलेले होते. ते माझ्याकडे कधी आले नाहीत, पण मी त्यांच्याकडे पुष्कळ लोकांचे अर्ज घेऊन गेलो होतो. डोळ्यांत तिने ती बघण्याची तऱ्हा बरोबर पकडली, जिच्यात तुम्ही समोर असता आणि नसताही. मी तिला तसे म्हणालो. ती म्हणाली, "फोटोत हुतं, पप्पा. मी काय घातलं न्हाय." मग कोपऱ्यात तिने नाव लिहिले.

आणि मग गालिचा आला.

कार्यक्रम झाला. मी मागच्या रांगेत बसलो. पाहुणे गालिच्यावरून आले. एकेकाचा बूट, चप्पल, मोजडी. ज्या जागी नाव होते त्या जागी गालिच्याला किंचित उंचवटा होता. रांगोळीचा थर केवढा असतो, पण मला दिसत होता. दुसऱ्या कोणाला दिसत नव्हता. प्रत्येकजण तेथेच थांबून चेहऱ्याला हात जोडत होता, कारण चेहऱ्यासमोर उभे राहायला तीच जागा सोयीची होती. नावावर उभे राहून नमस्कार. उत्पला भिंतीला टेकून उभी. हातांना अजून काळा रंग.

भाषणात सूत्रसंचालक म्हणाला, "आपल्या संस्थेच्या कला विभागाने साकारलेली ही भव्य रांगोळी." टाळ्या पडल्या. संस्थेत कला विभाग नाही. शिक्षकाची जागाच रिकामी आहे, त्यासाठी तर आम्ही आलो होतो.

निघताना शिपाई नामदेव आमच्या मागे आला. भला माणूस आहे. म्हणाला, "ताई, उद्या कवा येताय रांगोळी उचलायला? परवा हॉल पायजे, पोरांचा कलामहोत्सव हाय."

"मी न्हाय येणार, नामदेवकाका."

"आन मंग उचलायचं कुनी?"

"माइकवर ज्याचं नाव घेतलं त्यानं."

नामदेवला ते कळायला वेळ लागला. मलाही लागला.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमच्या भागात माणसाच्या चेहऱ्याची रांगोळी कोणी झाडूने काढत नाही. फुलांची, मोरांची काढतात. चेहऱ्याची नाही. ज्याने काढली त्यानेच ती मोडायची, हाताने, आणि पहिल्यांदा डोळे. डोळे गेले की चेहरा राहत नाही, नुसता रंग राहतो. मग कोणीही झाडावे. मेलेल्या माणसाचा चेहरा असेल तर त्या भुकटीचे गाठोडे बांधून पाण्यात सोडतात. आबासाहेबांचे नरसिंहपूरला संगमावर सोडायचे ठरले होते, पत्रिकेत तसे छापलेही होते. हा नियम कोठे लिहिलेला नाही. म्हणूनच तो मोडायला कोणी धजत नाही. लिहिलेला असता तर मीच त्यातून वाट काढून दिली असती.

दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आले. उत्पलाने एकदाच उचलला. म्हणाली, "गालिचा काढा. नाव खराब झालं असंल तर मी परत लिहिते. पूर्ण. एक दिवस ते लोकांना दिसू द्या. मग मी येते आणि आबासाहेबांचे डोळे माझ्या हातानं काढते." आणि फोन ठेवला. यापेक्षा नेमका अर्ज मी आयुष्यात लिहिलेला नाही. त्यात नम्र विनंती नव्हती, एवढाच फरक.

सभागृह बंद राहिले, गालिचाही आत तसाच. नामदेव मला कचेरीसमोर भेटला तेव्हा त्याने सांगितले की साहेबांनी त्याला झाडू घ्यायला सांगितले होते.

"मग?"

"मी म्हनलं, साहेब, माज्याच्यानं न्हाय व्हायचं. आबांनी नोकरीला लावलंय मला. त्येंच्या डोळ्यावं झाडू मारू व्हय? तुमी नातू हाय, तुमी मारा."

"काय म्हणाले?"

"काय म्हंत्यात? कुलूप लावलं. पोरं भाईर व्हरांड्यात नाच बसवत्यात. वर बोर्ड हाय, कलेला व्यासपीठ." नामदेव हसला आणि लगेच गप्प झाला, कारण हसणे कोणी पाहिले तर त्याला जड गेले असते.

घरी मात्र हसण्यासारखे काही नव्हते. उत्पलाची आई भाकरी थापता थापता बोलत राहिली. तिचे बोलणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

"आडनाव आडनाव काय करतीस. नोकरी लागू दी, मग लाव की कुठं बी. दारावं लाव. गाडीवं लाव. कोन नगं म्हंतंय."

"मग त्ये म्हणतील, दारावरचं काढा."

"म्हनू दी. तवा पगार चालू असंल."

"आई, मी काय वाईट काढलं का?"

"चांगलं काढलंस म्हनून तर म्हंते. वाईट काढलं असतंस तर नाव लावूच नगं म्हनले असते मी."

उत्पला हसली. त्या आठवड्यात ती एकदाच हसली. मी जेवण अर्धे टाकून उठलो. मला थकवा आला होता. रागाला जोर लागतो. वयाच्या या टप्प्यावर माझ्याकडे तो शिल्लक नाही. मला वाटत होते, हे प्रकरण मिटावे. कसेही. एखादा मधला मार्ग. आडनावाचे पहिले अक्षर आणि पुढे टिंब. असे मी तिला सुचवणारही होतो. तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती कॅनव्हासला पाठ करून बसली होती, नखांतला काळा रंग काडीने काढत. मी परत फिरलो.

त्यानंतर रणधीरराव माझ्या टेबलापाशी आले.

दुपारची वेळ. गाडी कचेरीच्या फाटकापाशी थांबली. ते उतरले आणि चालत आले, आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर अर्जदार बसतात. पाय तुटका आहे, विटेवर टेकवलेला. त्यांना ठाऊक नव्हते, ते थोडे डुगडुगले आणि त्यांनी टेबलाला धरले.

"तात्या, एक छोटं काम होतं."

"बोला."

"दोन ओळींचं माफीपत्र. मुलीच्या नावानं. तिनं सही करायची. माझ्या मनात काही नाही, पण संचालकांपुढं काहीतरी ठेवावं लागतं. कार्यक्रमात गैरसमज झाला, दिलगीर आहे, येऊन रांगोळी उचलते. संपलं. जागेची मुलाखत पुढच्या आठवड्यात लावतो." मग किंचित हसून, "तुम्हाला काय, रोजचंच आहे."

रोजचेच होते. मी कागद ओढला. हाताला मजकूर पाठ. 'वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की.' कितीतरी माफीनामे मी लिहिले. मुकादमाला उलट बोललेल्या मजुराचा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये चप्पल घालून गेलेल्या बापाचा. सरपंचाच्या ट्रॅक्टरला वाट न दिलेल्या पोराचा. ती सगळी माणसे याच स्टुलावर बसत. काही रडत. काहींना आपण काय केले तेच माहीत नसे. ते मला विचारत, "तात्या, मी काय केलं म्हनून लिवू?" आणि मी सांगत असे. मला वाटे, मी त्यांना मदत करतो आहे. मी करतही होतो.

पण त्या दिवशी प्रथमच माफी घेणारा स्वतः त्या स्टुलावर बसला होता. आणि मजकूर सांगत होता. शब्द न अडखळता येत होते, 'गैरसमज', 'दिलगीर', अगदी माझेच शब्द. तेव्हा मला कळले की ते कधीच माझे नव्हते. त्या मजुराचे तर नव्हतेच. प्रत्येक वेळी मजकूर वरूनच आलेला होता. बसणारा फक्त सही द्यायला यायचा आणि मी फक्त अक्षर.

मी पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "अर्जदाराचं नाव?"

"म्हणजे? तुमचीच मुलगी ना, तात्या."

"अर्जावर पूर्ण नाव लागतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याशिवाय माझ्याकडं अर्ज होत नाही."

"मग लिहा की पूर्ण."

"आडनावासकट?"

"हो, अर्थात. सही ओळखता यायला हवी."

"म्हणजे माफी मागताना आडनाव चालतं," मी म्हणालो. "चेहऱ्याखाली चालत न्हाय."

माझे बोलणे मी नेहमी शुद्ध ठेवतो. कचेरीसमोर तेच माझे भांडवल आहे. पण तेव्हा 'न्हाय' आले आणि मी ते दुरुस्त केले नाही.

रणधीररावांनी टेबलावरचा हात काढला. त्यांना राग आला असे दिसले नाही. हिशेब चुकल्यासारखा चेहरा झाला. नंतर म्हणाले, "तुम्ही उगाच त्यात जात आणता. मी जातीचा शब्द तरी काढला का?"

"न्हाय काढला."

"मग?"

"काढायची गरज पडली न्हाय तुम्हाला. गालिचा हुता."

ते उठले. स्टूल पुन्हा डुगडुगले. "मग जागेचं अवघड आहे, तात्या. मग ते माझ्या हातात राहणार नाही."

"व्हय," मी म्हणालो. "अवघड हाय."

मी पेनाला टोपण लावले. कागदावर तोपर्यंत फक्त 'प्रति' लिहिलेले होते.

गाडी गेली. शेजारी झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या अक्का बाहेर आल्या.

"तात्या, गाडीवाला काय लिवून घिऊन गेला?"

"काही नाही."

"मंग इतका येळ?"

"आडनाव विचारत हुता."

"आन म्हाईत नव्हतं व्हय त्येला?" अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या मशिनीवर कागद अडकला होता.

ही कथा येथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. पुढे असे झाले की, काढणारी येत नसेल तर चेहरे काढणारा दुसरा हातही चालेल, अशी वाट शोधून संस्थेने सागरला बोलावले. सागर, जो निवृत्त होणाऱ्यांची चित्रे काढतो, उत्पलाचा वर्गमित्र. त्याचे आडनाव गालिच्याखाली जाणारे नाही. त्याने आधी उत्पलाला फोन केला. मी बाजूलाच होतो.

"उत्पला, मला बोलावलंय. मी गेलो न्हाय तर दुसऱ्याला बोलवतील."

"व्हय."

"जाऊ का?"

"मला विचारू नको, सागर. मी जा म्हणणार न्हाय. जाऊ नको बी म्हणणार न्हाय."

तो गेला. त्याने आबासाहेबांचे डोळे काढले, गाठोडे बांधले, ते संगमावर गेले, फोटो छापून आला. चित्रकला शिक्षकाची जागा त्याला मिळाली. तासिकेवर. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी खाणारी तोंडे आहेत. पण त्याला चांगलाही म्हणत नाही. दोन्ही टाळता येतात, हे मला या वयात समजले.

संध्याकाळी तो आमच्या दाराशी आला. आत ये म्हटले तर आला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "गालिचा उचलला तवा नाव खाली न्हवतंच, तात्या. सगळं फासलं हुतं. पर गालिच्याच्या खालच्या अंगाला चिकाटलं हुतं. उलटं. आडनाव जास्त ठसठशीत हुतं. मी पाणी मारा म्हनलं, तर मंडपवाला म्हनला, खालच्या अंगाला कोन बघतंय, ऱ्हाऊ दी."

उत्पला दारात उभी होती. तिने विचारले, "डोळे आधी काढलेस ना?"

"व्हय. आधी डोळं."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

तो गालिचा या तालुक्यात अजून फिरतो आहे. लग्नात, उद्घाटनात, सत्काराला. त्याच्या पोटाशी आमचे आडनाव आहे आणि वरून मान्यवर चालतात. मंडपवाल्याची गाडी दिसली की माझी नजर मागच्या गुंडाळ्यांकडे जाते. लाल बरेच असतात.

त्यानंतर मी एक ठरवले आणि उत्पलाने एक ठरवले. मी यापुढे कोणाचाही माफीनामा लिहिणार नाही. तसा फलक टेबलाला लावला आहे. त्याखाली माझे पूर्ण नाव आहे, उत्पलाने रंगवलेले. गिऱ्हाईक कमी झाले. काही लोक फलक वाचून पुढच्या टेबलावर जातात, तेथे माफीनामे मिळतात. ते तेथे बसलेले असतात तेव्हा मी त्यांच्याकडे पाहतो. ते माझ्याकडे पाहत नाहीत.

उत्पलाने ठरवले की सुरुवात नावाने. आधी नाव लिहायचे, पूर्ण, मग चौकटी आखायच्या, मग चेहरा. नाव नको असेल तर जमीन मोकळी राहील.

काटेवाडीच्या एका लग्नात पहिल्यांदा तसे केले. नवरा-नवरीचे चेहरे काढायचे होते. नवरीचे मामा आले, वाचले, म्हणाले, "ह्ये आदी कशाला? ऱ्हाऊ द्या, पुसा. फुलं काढा नुसती." उत्पलाने स्वतःच्या हाताने नाव गोळा केले, पुडी बांधली, पिशवी उचलली. आम्ही मोटारसायकलवर परत आलो. उसाच्या ट्रॉल्या पुढे होत्या, त्यांच्या मागे मागे सावकाश यावे लागले.

आज आम्ही बारामतीत आहोत. एका कापड दुकानाची नवी शाखा उघडायची आहे. मालकाच्या दिवंगत आईचा चेहरा दाराशी काढायचा आहे. उत्पलाने नाव लिहिले आहे. खाली बसून ती थांबली आहे, चौकटी आखायच्या आधी. व्यवस्थापक आला.

"मॅडम, आधी आईसाहेबांचा चेहरा घ्या की. नाव काय पळून चाललंय?"

"एकदा गेलं हुतं."

त्याने खाली वाचले. सावकाश. मग तो म्हणाला, "मालकांना विचारून येतो," आणि फोन घेऊन आत गेला. अजून आलेला नाही. आत कोणाशी तरी बोलतो आहे. काचेतून त्याची पाठ दिसते.

दाराच्या कडेला गालिच्याची गुंडाळी उभी करून ठेवली आहे. लाल. तिच्याजवळ मंडपवाल्याचा माणूस तंबाखू मळत बसला आहे. माझे गुडघे दुखतात. मी त्याला म्हणालो, "एक खुर्ची दे."

"कुठं ठिवू, तात्या?"

मी जागा दाखवली. खुर्ची त्याने नावाच्या अलीकडे, दाराच्या बाजूला ठेवली. मी तीवर बसलो आहे. रांगोळीला पाय लागणार नाही इतके अंतर ठेवून. मालक काय म्हणतात, ते कळेलच. नको म्हणाले तर उत्पला नाव उचलेल, स्वतःच्या हाताने, आणि आम्ही पिशवी घेऊन निघू. पण ते नाव खाली असेपर्यंत येथून गालिचा जाणार नाही. त्यासाठी आधी ही खुर्ची उचलावी लागेल. माझ्यासकट.